मगदूमबाईंची हजेरी

मगदूमबाईंच्या वर्गात गैरहजर राहणं फार अवघड होतं.

हजर राहणं त्या मानानं सोपं. यावं, बसावं आणि बाईंनी नाव घेतलं की ओ द्यावी. 'हजर' किंवा 'प्रेझेंट' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "आईनं घरात हाक मारली तर काय प्रेझेंट म्हंतोस? ओ म्हंतोस की न्हाय? मग हितं काय धाड भरली?" असं त्या विचारत, आणि पोरगं मुकाट्यानं ओ देई. पण जे पोर आलंच नाही त्याचे हाल कुत्रं खात नसे. बाई त्याच्या रिकाम्या जागेकडं बघून प्रश्न विचारायच्या, उत्तराची वाट बघायच्या आणि मग म्हणायच्या, "बघा, कसा तोंड शिवून बसलाय. ऊठ, उभा ऱ्हा." ती रिकामी जागा मग तास संपेपर्यंत उभी असायची.

एक मुलगा मामाच्या लग्नाला आजऱ्याला गेला होता. परत आल्यावर त्याला मित्रांकडून कळलं की तो तिकडं पंगतीत बसला होता तेव्हा इकडं कोपऱ्यात अंगठे धरून उभा होता. बिचाऱ्याला रडू फुटलं. "बाई, मी हितं न्हवतोच की!"

"न्हवतास म्हनूनच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला लग्नात काय काय जेवण होतं ते सगळ्या वर्गाला सांगायला लावलं.

मी शेजारच्या वर्गाला शिकवायचो. वडगावहून पहिल्या बसनं शहरात यायचं, शाळेजवळच्या पेठेतल्या दूधकट्ट्यावर ग्लासभर दूध प्यायचं आणि शाळा गाठायची, हा माझा नेम. दोन वर्गांच्या मधे एक लाकडी पार्टिशन होतं, पण बाईंच्या आवाजाला पार्टिशन ठाऊक नव्हतं. माझ्या वर्गाला गणित मी शिकवायचो आणि बाकीचे विषय पलीकडून बाई. परीक्षेत माझी पोरं गणितात काठावर आणि इतिहासात पैकीच्या पैकी, हे मी बरीच वर्षं निमूट सोसलं.

दिसायला बाई म्हणजे बुटकी, गोल, करकर वाजणाऱ्या चपला घातलेली बाई. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी न विचारता चाखायच्या आणि वर "मीठ कुनी टाकलंय, वैऱ्यानं?" असं विचारायच्या. हाक मारायची सवय अशी अंगात भिनलेली की शिक्षकांच्या सभेतही त्या आधी हजेरी घेत. एकदा वरून तपासणीला अधिकारी येणार होते आणि त्यांना उशीर झाला. बाई त्यांच्या रिकाम्या खुर्चीला "वेळेचं भान न्हाय, आनि दुसऱ्याची वही तपासायला निघालाय" असं सुनावत असतानाच साहेब दारात आले. आम्ही सगळे गार पडलो. बाईंनी वळून त्यांचं आडनाव घेऊन हाक मारली. साहेब दचकून "ओ" म्हणाले. त्यानंतर त्यांनी आमच्या शाळेत काहीही तपासलं नाही.

अशा ह्या बाई निवृत्त व्हायला वर्षभर राहिलं असताना पेठेत गोवर आला.

शाळेतली काही पोरं अंगावर पुरळ घेऊन घरी बसली. आरोग्य खात्याचा निरोप आला की ज्यांना गोवराची लस दिलेली नाही, त्यांना साथ ओसरेपर्यंत शाळेत बसवू नका, त्यांचा अभ्यास मात्र बुडू देऊ नका. निरोपाचा पहिला भाग सोपा होता. दुसऱ्यावर आमच्या हेडसरांनी "ऑनलाइन" असा एका शब्दात तोडगा काढला आणि ते चहा प्यायला गेले. लस न घेतलेली पोरं शाळेत तिघंच निघाली. त्यातल्या दोघांच्या आया घाबरून त्याच दुपारी दवाखान्यात धावल्या. राहिली एक. पाचवीतली, बाईंच्या वर्गातली, पहिल्या ओळीतली ऋतुजा पोवार. आणि ऋतुजाच्या घरी ऑनलाइन काही नव्हतं. तिथं बापू वस्ताद होते.

बापू वस्ताद म्हणजे ऋतुजाचे आजोबा. वय सत्तरीच्या पुढं, तरी दंड असा की आमच्यासारख्याची मांडी लाजावी. दूधकट्ट्यासमोर त्यांचं घर आणि घराला लागून तालीम. ऋतुजा ही त्या तालमीत उतरलेली पहिली मुलगी, आणि नातवांपेक्षा तिच्यावर त्यांचा जीव. वस्तादांच्या डाव्या दंडावर रुपयाएवढी गोल, चुरगळलेली खूण होती. ऐन तारुण्यात एका मैदानात उत्तरेकडचा कुणी भला दांडगा पैलवान चितपट व्हायच्या बेतात आला आणि त्यानं चिडून वस्तादांच्या दंडाचा लचका तोडला, तरी वस्तादांनी त्याला सोडला नाही, अशी त्या खुणेची कथा. तालमीतली पोरं कुस्तीला जाताना त्या खुणेला हात लावून तो कपाळाला लावत. कथेचा दुसरा भाग असा की ह्या अंगाला आजवर सुई म्हणून ठाऊक नाही. म्हणूनच ते अंग असं राहिलं, आणि म्हणूनच वस्तादांच्या घरात कुणाला सुई टोचायची नाही.

"रांजनाला बारीक भोक पडलं तर पानी ऱ्हातं का?" ते विचारत. आरोग्यसेविका आल्या की त्यांना मानानं बसवून दूध पाजत आणि रांजणाची गोष्ट सांगून परत पाठवत.

ऋतुजाला घरी बसवलं त्या संध्याकाळी बाई मला बळेच घेऊन त्यांच्या दारात गेल्या. तालमीची दहा-बारा पोरं अंगाला माती लावून उभी होती. वस्ताद उंबऱ्याच्या आत, आम्ही बाहेर.

"रोग कुठं हाय?" वस्तादांनी विचारलं.

"शाळंत," बाई म्हणाल्या.

"माझ्या नातीला हाय?"

"न्हाय. हू नये म्हनून तर..."

"मग कोंडायचं कुनाला? शाळंला का नातीला?"

मी गणिताचा माणूस. मला ह्या हिशेबात चूक सापडेना.

"तुमी तिला भाईर काडली," वस्ताद म्हणाले. "आता तुमची शाळा माझ्या उंबऱ्याच्या भाईर. आनि आयका बाई, साथ गेली तरी ती यायची न्हाय. नाव काडून टाका. चार बुकं झाली, आता माती."

पोरांसमोर बोललेला शब्द. वस्ताद तो मागं घेणार नाहीत हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा कळलं असेल. आत कुठंतरी ऋतुजा मुसमुसत होती. तिची आई दाराआडून आमच्याकडं बघत होती, पण सासऱ्यापुढं तिचं काय चालणार?

परतताना मी बाईंना म्हणालो, "जाऊ द्या. साथ संपली की म्हातारा निवळेल."

बाई रस्त्यातच थांबल्या. "सर, पोरगी चार दिस दिसली न्हाय की वर्ग तिला इसरतो. मग घर बी इसरतं की ती शाळंला जात हुती. पोराला शोधत येत्यात, पोरीला कोन येतंय? मी न्हाय इसरू द्यायची." त्यांचे डोळे भरले होते आणि त्याचा त्यांना रागही आला होता. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि पुढच्या कोपऱ्यावर एका अनोळखी रिक्षावाल्याशी विनाकारण भांडण काढलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या वर्गात दोन ऋतुजा झाल्या. एक शाळेत, पहिल्या ओळीत, रिकाम्या जागेवर. बाई तिला रोज हाक मारायच्या, प्रश्न विचारायच्या, फळा पुसायला सांगायच्या. दुसरी घरात. तिच्यासाठी शाळा सुटली की बाई मला ओढत घेऊन दूधकट्ट्यावर जाऊन उभ्या राहायच्या. उंबरा ओलांडायचा नाही असं ठरलं होतं ना? मग रस्ता काही वस्तादांच्या बापाचा नव्हता. ऋतुजा वरच्या खिडकीत बसायची आणि बाई खालून शिकवायच्या.

दूधकट्टा म्हणजे संध्याकाळची गर्दीची जागा. म्हशी आणून बांधलेल्या, बंडू गवळी समोर धार काढून ग्लास भरतोय, पैलवान आणि पेन्शनर ओठावर फेस घेऊन उभे. त्यात बाई हात हलवत ओरडतायत, "ऋतुजाऽऽ! सात सक्कं?" आणि वरून बारीक आवाज, "बेचाळीऽऽस!" पहिल्या दिवशी बंडू वैतागला. "बाई, म्हस बुजती माझी." तिसऱ्या दिवशी तोच आमच्याकडं हात जोडून आला. "बाई, इतिहास नगं. इतिहासाला लाथ मारती. पाढं घ्या, पाढ्याला पान्हा सोडती." मग धार काढायच्या वेळी गणित आणि म्हशी परत जाताना इतिहास असं वेळापत्रक ठरलं. आमच्या शाळेचं वेळापत्रक इतक्या विचारानं कधी ठरलं नव्हतं.

हळूहळू गल्लीच शिकायला लागली. बाईंनी प्रश्न विचारला की आधी शिंपी उत्तर द्यायचा, मग पेन्शनर त्याला खोडून काढायचे. दारात भाजी निवडणाऱ्या बायका चुकलेलं उत्तर ऐकून "आई गंऽ" म्हणायच्या. एक दिवस शिंपी आला नाही तर बाईंनी त्याच्या मशीनला उभं केलं. वह्यांसाठी ऋतुजाच्या आईनं वरून दोरीला दुरडी बांधून सोडली. वस्तादांनी त्यावर बराच विचार केला आणि दोरी उंबरा ओलांडत नाही असा निवाडा दिला. वही खाली यायची, तपासून वर जायची, आणि पुढच्या खेपेला दुरडीतून बाईंना ताकाचा तांब्या यायचा.

वस्ताद स्वतः खालच्या खिडकीत उघड्या अंगानं बसलेले असत, डावा दंड चौकटीवर टेकवून. आपलं लक्ष नाही असं ते दाखवत. पण एकदा भागाकाराला ऋतुजा अडली तेव्हा खालच्या खिडकीतून घोगरा आवाज आला, "बाकी तीन." सगळी गल्ली वळून बघायला लागली. वस्तादांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मी पोरांस्नी म्हनलो. तीन पोरं बाकी हायत, बैठका मारायची." बाईंनी "बरोबर" एवढंच म्हटलं, आणि ते कुणाला हे सांगितलं नाही.

इकडं शाळेतल्या ऋतुजानं वेगळाच उच्छाद मांडला. पोरांना आता तिची इतकी सवय झाली होती की तक्रारी यायला लागल्या. "बाई, ऋतुजा चिमटं काडती." "बाई, ऋतुजानं माझं खोडरबर घेतलं." मला वाटलं बाई हसतील. त्यांनी रिकाम्या जागेला दटावलं आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन भर गल्लीत विचारलं, "ऋतुजाऽऽ! खोडरबर का घेतलंस?"

"मी न्हाय घेतलं!" वरची ऋतुजा रडवेली झाली. "मी हितं हाय!"

"तू हितं बी हाईस आनि तितं बी हाईस. दोन्हीकडं नीट वागायचं."

खोडरबर दुसऱ्या दिवशी दुरडीतून खाली आलं. कुणाचं आणि कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

साथ काही ओसरेना. आणखी दोन घरांत गोवर निघाला. त्यातलं एक पोर दवाखान्यात ठेवावं लागलं आणि बाईंचा आवाज पहिल्यांदा बसला. त्या संध्याकाळी त्यांनी पाढे बाजूला ठेवले आणि रोग कसे पसरतात, लस काय करते, तो पाठ घेतला. म्हशी अस्वस्थ झाल्या. बाई म्हणाल्या, "आमच्या लहानपनी देवीचा रोग हुता. मानसं मरायची, आंधळी व्हायची. आता कुठं गेला त्यो? सगळ्यांस्नी टोचलं म्हनून गेला. ज्यांच्या ज्यांच्या दंडावर टोचल्याची मोठी गोल खून हाय, त्यांनी हात वर करा."

गल्लीतल्या सगळ्या जुन्या माणसांनी हात वर केले. बंडूनं धार सोडून दोन्ही हात वर केले आणि म्हशीनं बादली लवंडली. शिंप्यानं बाही वर सरकवली. भाजी निवडणाऱ्या बायकांनी एकमेकींना दंड दाखवले. गोल, चुरगळलेल्या, रुपयाएवढ्या खुणा. आणि मग सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली. खिडकीच्या चौकटीवर वस्तादांचा डावा दंड होता.

गल्लीला हे आधी ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? बंडूच्या दंडावर तीच खूण, रोज तो ती बघतो. पण बंडूची टोचल्याची आणि वस्तादांची चावल्याची, असं जन्मभर मनात पक्कं बसलेलं. खुद्द वस्तादांना तरी खरं आठवत होतं का? इतक्या वेळा सांगितल्यावर माणसाला स्वतःची गोष्टच खरी वाटायला लागते. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. उजवा हात हळूच डाव्या दंडावर गेला. वरून ऋतुजाची वेणी लोंबकळली आणि तिनं वाकून विचारलं, "आज्जा, तुला बी टोचलंय?"

मला त्या म्हाताऱ्याची फार कीव आली. ज्याच्यावर सगळी तालीम उभी होती, ते पाचवीच्या पाठानं भर चौकात उघडं पडलं होतं.

"गप ऋतुजा!" बाई कडाडल्या. "वस्तादांची खून चावल्याची हाय." मग त्यांनी आपल्या पोलक्याची बाही वर केली. तिथंही तीच गोल खूण होती. "आनि ही माझी. मला बी त्योच पैलवान चावलाय. मी चवथीत हुतो, आमच्या शाळंत आलता. खाकी पिशवी घिऊन."

मग बंडू ओरडला, "मला बी! माझ्या बी शाळंत आलता!"

"आमच्या दारात आलता की," भाजी निवडणारी एक म्हातारी म्हणाली. "मी चुलीमागं लपले तरी चावला मेला."

"लई भारी पैलवान," पेन्शनर म्हणाले. "गावंच्या गावं चावत सुटलता."

गल्ली हसत सुटली. वस्तादांनी खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी बसथांब्यापर्यंत बाई माझ्याबरोबर चालत आल्या आणि वाटेत एकाशीही भांडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "सर, माती खाल्ली मी. म्हाताऱ्याची अब्रू झाकाय गेलो आनि सगळ्या गल्लीला हसवलं. आता कुठली येती पोरगी." मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते मलाही खरं वाटलं नाही.

सकाळी मी नेमाप्रमाणं कट्ट्यावर दूध पीत होतो. समोरचं दार उघडलं. वस्ताद बाहेर आले. डोक्याला फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा, जणू मैदानाला निघालेत. हाताला धरून ऋतुजा, तिची वेणी घट्ट बांधलेली. बंडूनं धार थांबवली. "वस्ताद, कुठं म्हनायचं?"

वस्ताद थांबले. गल्लीभर नजर फिरवली. "दवाखान्यात," ते म्हणाले. "पोरीची त्या पैलवानाशी गाठ घालून आनतो."

कुणी हसलं नाही. बंडूनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि तालमीतली पोरं वाटेतून बाजूला झाली.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरले आणि ऋतुजा शाळेत आली. पहिल्या ओळीत जाऊन बसली तेव्हा शेजारची पोरगी अंग चोरून बसली, चिमट्यांच्या भीतीनं. "मी कधी काडलं ग चिमटं?" ऋतुजा भडकली. प्रकरण बाईंकडं गेलं. बाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि न काढलेल्या चिमट्यांची शिक्षा ऋतुजानं भोगलेली आहे, तेव्हा तिला एक चिमटा काढायचा हक्क आहे, असा न्याय दिला. ऋतुजानं तो काढला. मग बाईंनी हजेरी घेतली, आणि पार्टिशनच्या पलीकडून मी तिची ओ ऐकली. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. पार्टिशनपलीकडं शांतता झाली आणि माझ्या पोरांचे इतिहासातले मार्क घसरले.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. वडगावजवळच्या एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान होतं. मुलींच्या कुस्त्यांमध्ये ऋतुजाचं नाव पुकारलं, म्हणून मी गर्दीत घुसलो. ती आता चांगली उंच झाली होती. कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरण्याआधी ती वस्तादांच्या पाया पडली आणि रिवाजाप्रमाणं त्यांच्या डाव्या दंडाला हात लावायला गेली. वस्तादांनी दंड मागं घेतला.

"हितं न्हवं," ते म्हणाले. तालमीची सगळी पोरं भोवती होती. "ही नुसती गोष्ट हाय. तिकडं जा. खरी खून तिकडं हाय."

त्यांनी हनुवटीनं बायकांच्या बाजूला दाखवलं. तिथं मगदूमबाई शेजारणीच्या शेंगा खात बसल्या होत्या. ऋतुजा धावत गेली, त्यांच्या दंडाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. बाईंनी शेंगांची टरफलं तिच्या हातात दिली.

कुस्ती लागली आणि दोन मिनिटांत ऋतुजा खाली गेली. समोरची पोरगी वजनानं भारी, तिनं ऋतुजाला पार दाबून धरली. एक खांदा टेकला, दुसरा टेकायला बोटभर उरला. वस्तादांनी डोळे मिटले. गर्दीचा गलका एवढा वाढला की पंचाचंही काही ऐकू येईना. आणि त्या गलक्यावरून, पार्टिशन, म्हशी, गल्ली असलं कधी काही न जुमानलेला तो आवाज आला.

"ऋतुजा पोवाऽऽर!"

आणि खालून, तोंडात माती असलेल्या त्या पोरीनं ओ दिली.